माणिकबाईनं मोडलेला बेलभंडार

वामनराव वकिलांकडे मी मुनशी होतो. मुनशी म्हणजे काय ते वकिलाच्या घरच्यांनाच कळतं. अर्ज मी लिहायचे, पक्षकारांना पाणी मी द्यायचं, साहेबांचा चष्मा हरवला तर तो मी शोधायचा, आणि केस हरली की बोलणीही मीच खायची. तक्रार नाही. माझा स्वभाव तापट, तरी त्या माणसाजवळ मी टिकलो, यावरून काय ते समजा.

लोक मला अजून विचारतात, खुशालराव, तुमच्या साहेबांनी मोठी केस कुठली जिंकली हो? त्यांना खुनाबिनाची पाहिजे असते. मी म्हणतो, अकोल्याच्या कापसाच्या जिनातल्या बायांची. तर म्हणतात, हो हो, ती जिंकली ना त्यांनी, ऐकलं होतं. जिंकली बाप्पा. शेठनं मागणी मान्य केली, सह्या झाल्या, पेपरात चार ओळी आल्या. पण असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, म्हणून एकदा सगळंच सांगून टाकतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. वरचा हुकूम नागपुरातून यायचा, आणि कामगारांना संघ करायची मुभा देणारा कायदा येऊन फार वर्षं झाली नव्हती. अमरावतीच्या बाररूममध्ये तो कायदा मन लावून वाचलेला एकच माणूस, आमचे वामनराव. बाकीचे वकील कुळाच्या, वाटणीच्या, दत्तकाच्या दाव्यांवर सुखानं जगत होते. आमच्या ओसरीवर कोण, तर प्रेसमधले हमाल, जिनातल्या बाया, म्युनिसिपालटीचे झाडूवाले. फी म्हणून कोणी वांगी आणायचं, कोणी हरभऱ्याचा ढाळा. कौशल्याबाई, म्हणजे साहेबांच्या मंडळी, म्हणायच्या, "शेजारच्या वकिलीणबाईंकडे पाटल्या आल्या, आमच्याकडे पुन्हा वांगीच." पण आल्यागेल्याला पुरेल इतकी भाजी त्याच टाकायच्या.

अकोल्याहून त्या बाया आल्या तेव्हा कापसाचा भर हंगाम होता. बडनेऱ्याला गाडी बदलून आलेल्या, केसांत अजून रुईचे तंतू. पुढं मैनाबाई होती, वयानं थोरली आणि तोंडानं फटकळ. अकोल्यातल्या वकिलांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. मैनाबाईनं ओसरीवर फतकल मारली आणि सगळी हकीकत सांगितली.

त्यांच्या जिनात सकाळी भोंगा झाला की फाटकाला आडणा पडायचा, तो दुपारच्या सुटीतच निघायचा. आत बाया रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस घालायच्या. ज्यांची लेकरं अंगावर पिणारी होती, त्यांची लेकरं फाटकाबाहेर लिंबाखाली, एखाद्या म्हातारीच्या भरवशावर. रेच्यांच्या आवाजात लेकरू रडलेलं ऐकू येत नाही, पण आईला कळतं. छाती भरून येते, चोळी ओली होते, आणि हात मात्र कापूस घालत राहतात. माणिकबाई आणि तिची मुलगी शकुन शेजारशेजारच्या रेच्यांवर होत्या. शकुनची पोर काही महिन्यांची. एक दिवस शकुन रेच्यावरच रडायला लागली, तेव्हा माणिकबाई उठली, चौकीदाराला बाजूला सारलं आणि आडणा काढून फाटक उघडलं. तिच्या मागून पाजणाऱ्या साऱ्याच बाया धावल्या. संध्याकाळी मॅनेजरनं माणिकबाईला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. दुसऱ्या दिवशी एकही बाई आत गेली नाही.

"माणिकबाई कोण तुमच्यात?" साहेबांनी विचारलं.

मागं भिंतीला टेकून बसलेली एक वाळकी बाई म्हणाली, "मीच व्हय, सायेब."

"भीती नाही वाटली?"

"लेकरू भुकेलं होतं न. भ्याले टाइम कोठी होता?"

साहेब हसले. मला म्हणाले, खुशालराव, पिशवी भरा. मी समजलो, आता महिनाभर अकोल्याच्या धर्मशाळेतले ढेकूण आपल्या नशिबी.

माणिकबाई माळ्याची. नवरा वारल्यावर मोर्णा नदीच्या काठी तुकडाभर जागेत मेथी-वांगी करायची, आणि हंगामात जिनात जायची. एकुलती एक मुलगी शकुन, ती जवळच्याच आळीत दिलेली. मायलेकी रोज बरोबर कामाला जायच्या, बरोबर परत यायच्या. नात आजीच्या कडेवर. त्या पोरीचं कौतिका हे नावही माणिकबाईनंच ठेवलं होतं, आणि ते ती दिवसातून कितीदा घ्यायची याला काही सुमार नव्हता. मी एकदा म्हटलं, बाई, नाव झिजून जाईल. ती म्हणाली, "झिजू द्या. दुसरं ठेवीन."

अकोल्यात साहेबांनी बायांना लिंबाखाली बसवून कायदा समजावला. संघ कसा नोंदवायचा, अर्ज कुठं करायचा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कोणी फुटायचं नाही. बायांनी ऐकून घेतलं. मग मैनाबाई म्हणाली, "ते नोंदनी तुमची तुमी करा, सायेब. आमचं आमच्यात पक्कं झालं पाह्यजे. आमी बेलभंडार उचलतो."

राजेश्वराच्या देवळातून बेलाची पानं आली, कोणाच्या घरून हळद आली. एकेक बाई पुढं यायची, ओंजळीत बेल आणि हळद घ्यायची आणि म्हणायची, "माणिकबाईसंगं साऱ्या आत जाऊ, नाई त कोनीच जानार नाई. जे मोडन तिच्या लेकराइले लागन." शकुननं पोर कडेवर घेऊन उचलला. माणिकबाईनं शेवटी उचलला. साहेब पायातले जोडे काढून उभे होते, आणि परतीच्या गाडीत भलतेच खुशीत होते. म्हणाले, "खुशालराव, करार म्हणतात तो हा. आपल्या स्टँपाच्या कागदाला ही ताकद नाही." मीही मान हलवली. पुढं काय वाढून ठेवलंय ते त्यांना दिसलं नाही, आणि मला दिसायचं तर काही कारणच नव्हतं.

मग सुरू झाल्या खेपा. अर्जावर अर्ज, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बाकावर बसणं, मॅनेजरचं उद्या या, परवा या. बाया रोज सकाळी भोंग्याला फाटकासमोर येऊन बसायच्या आणि भोंगा संपला की घरी जायच्या. जिनाच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली तेव्हा कुठं शेठ बोलायला तयार झाला. आमच्या साहेबांनी सबंध दुपार त्याच्याशी भांडून मागणी मान्य करून घेतली. सुटीआधी एकदा आणि सुटीनंतर एकदा फाटक उघडायचं, लेकरांसाठी टिनाचं छप्पर घालायचं, साऱ्या बायांना परत घ्यायचं. फक्त माणिकबाईला नाही. "एका बाईनं फाटक उघडलं आणि तिला मी परत घेतलं, तर उद्या माझ्या जिनाचा मालक कोण?" शेठ म्हणाला. तिथून तो इंचभर हलेना. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत बाया आल्या तर ठीक, नाही तर तेल्हाऱ्याकडून गाड्या भरून दुसऱ्या बाया आणतो, हेही त्यानं सांगितलं.

साहेबांनी हे लिंबाखाली सांगितलं. म्हणाले, तुम्ही आत जा, माणिकबाईसाठी मी वेगळा लढतो, हा माझा शब्द. मला वाटलं, आता बाया उठतील. कोणी उठलं नाही.

"बेलभंडार उचलला हाय, सायेब," मैनाबाई म्हणाली.

"अहो पण तिच्यासाठीच मी—"

"तिच्यासंगं जाऊ म्हनलं होतं. तिच्यासाठी नाई."

माणिकबाई मध्ये आली. "जा वं बायाहो. मीच सांगून राहिली न. माह्याकडून मोकळ्या हा तुमी."

"तुह्या सांगन्यानं उतरत नाई तो," मैनाबाई म्हणाली. "आमी तुह्यापाशी नाई उचलला, देवापाशी उचलला."

झालं. बेलभंडाराला अपील नसतं. साहेब डोक्याला हात लावून बसले. सरकारशी भांडता येतं, शेठशी भांडता येतं, या बायांशी कोण भांडणार? त्या कोणी वाईट बोलत नव्हत्या. उलट माणिकबाईला जास्तच जपत होत्या, तिला बसायला जागा करून देत होत्या. पण घरोघरी चुली अर्ध्यावर आल्या होत्या, आणि एखादीची नजर चुकून माणिकबाईकडं जायची आणि लगेच जमिनीकडं वळायची. ती नजर तिला कळत होती.

त्याच संध्याकाळी, दिवस अजून मावळला नव्हता, ती धर्मशाळेत आली. साहेब कोटाची बटणं सोडून पालथ्या पेटीवर बसले होते. ती उंबऱ्याशीच बसली.

"शकुनचं दूध आटून राहिलं, सायेब," ती म्हणाली. "पोटात काई असन त येइन न. पोरगी नुस्ती चोखते आन् रडते."

साहेबांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

मग तिनं विचारलं, "सायेब, समजा चार जनाइनं करार केला, आन् त्यातल्या एकानं मोडला. मंग बाकीच्याइचं काय होते? त्याइच्यावरबी राह्यते का तो?"

दिवसभर शेठशी करारावरच बोलणं झालेलं. साहेबांनी डोळे मिटूनच सांगितलं, "नाही. एकानं मोडला की बाकीचे मोकळे. दोष मोडणाऱ्याचा."

"नक्की न?"

"कायदाच आहे तसा."

"बरं," ती म्हणाली आणि उठली. जाताना मला म्हणाली, मुनशीजी, सायेबाले जरा गरम चहा पाजा, थकले ते. मी चहा आणायला गेलो.

बाजाराच्या दिवशी सकाळी फाटकासमोर नेहमीसारख्या बाया बसल्या होत्या. रस्त्याच्या कडेला तेल्हाऱ्याकडच्या दोन-तीन गाड्या येऊन उभ्या होत्या, त्यांत बाया दाटीवाटीनं बसलेल्या. मॅनेजर फाटकातल्या लहान दिंडीदरवाजात उभा राहून गंमत पाहत होता. भोंगा झाला. आणि आमच्या बायांमधून माणिकबाई उठली, पदर खोचला आणि सरळ फाटकाकडं चालायला लागली.

"माणके," मैनाबाई म्हणाली, "कोठी चालली वं?"

"कामाले."

"मांगं फिर. बेलभंडार हाय."

"असन," माणिकबाई मोठ्यानं म्हणाली, साऱ्यांना ऐकू जाईल असं. "माह्या पोटाले पाह्यजे. तुमच्या बेलभंडारानं पोट भरत नाई माहं. मी चालली."

शकुन पोर घेऊन उभी राहिली. "माय," ती म्हणाली, इतकंच. माणिकबाईनं मागं पाहिलं नाही. ती मॅनेजरच्या पायाशी वाकली, म्हणाली, चुकी झाली, घ्या मले. मॅनेजरला काय, आयतीच करमणूक. त्यानं दिंडी उघडली आणि ती आत गेली.

बाहेर मैनाबाई थुंकली. बराच वेळ बाया तशाच बसून होत्या, आणि एखादं घरचं माणूस गेल्यावर बसतात तसं त्यांचं बसणं होतं. उन्हं वर आल्यावर मैनाबाईच बोलली, "आता आपल्यावर काई नाई. जिनं मोडलं तिच्यावर गेलं." ती साहेबांकडं वळली. "सांगा शेठले. आमी येतो."

दुपारपर्यंत सह्या झाल्या. दोनदा फाटक, टिनाचं छप्पर, साऱ्या बाया कामावर. लोक म्हणतात ती केस जिंकली, ती ही अशी. धर्मशाळेत साहेब त्याची नक्कल वाचत होते, वाचता वाचता थांबले आणि माझ्याकडं पाहू लागले.

"खुशालराव, परवा संध्याकाळी ती बाई मला काय विचारत होती?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझ्याही डोक्यात उजेड पडला. आम्ही दोघंही जोडे चढवून जिनाकडं निघालो.

मॅनेजरनं दिवसभर तिच्याकडून सरकी झाडून घेतली आणि संध्याकाळी मागच्या दारानं बाहेर काढलं. म्हणे, कराराप्रमाणे तुला घ्यायचं नाही. आम्ही गेलो तेव्हा ती मागच्या भिंतीशी पदरानं तोंड पुसत होती.

"हे काय केलंत तुम्ही?" साहेबांचा आवाज चिरकला. "मी आत्ता जातो आणि त्या बायांना खरं सांगतो. तुम्ही त्यांच्यासाठी केलंत."

"नाई सायेब." ती एकदम आडवी आली. "सांगसान त साऱ्या बुडतीन. मी हावरटपनानं मोडला, म्हनून त्या मोकळ्या हायेत. त्याइले सोडवाले मोडला असं झालं, त तो मोडलाच नाई न. ते त नाटक झालं. मंग आज ज्या आत गेल्या, त्या साऱ्याइनं मोडला. माहं ल्हान लेकरू कोनी नाई, पन साऱ्याइच्या लेकराइले लागन. माही कौतिका त्यातच हाय."

"अहो, बेलपानानं कोणाला काही लागत नाही."

"तुमच्या कायद्यात लागत नसन."

साहेब हतबल होऊन माझ्याकडं पाहू लागले. हिशेब तिचा पक्का होता. आमच्याच कायद्याचा होता.

"आन् वकिलानं पक्षकाराची गोठ बाहेर सांगाची नसते," ती म्हणाली, "तुमीच म्हने न लिंबाखाली?"

"म्हटलं होतं."

"मंग सांगू नका."

त्या रात्रीपासून आळीत तिला कोणी पाणी दिलं नाही, विस्तव दिला नाही. एका आठवड्यात तिच्या मेथीच्या वाफ्यांत कोणीतरी गाय सोडली. हे मी समजू शकतो, लोक असेच असतात. पण शकुननं तिला दारातूनच सांगितलं, पोरीवर सावली पाडू नको. माणिकबाई सांगायची, "बराबर बोलली ते. आई हाय ते. मीबी असंच बोलली असती." मला हे ऐकवत नसे. मी तिला म्हणायचो, बाई, निदान तुमच्या मुलीला तरी चार शिव्या द्या, मला बरं वाटेल.

साहेबांनी तिला अमरावतीला आणलं. आमच्या घरामागं विहीर होती आणि परसात नुसतं गवत माजलं होतं. माणिकबाईनं तिथं वाफे केले, मेथी लावली, वांगी लावली, आणि पाटी घेऊन बाजारात बसायला लागली. कौशल्याबाईंना सगळं ठाऊक होतं, साहेबांनीच सांगितलं होतं. त्या तिला जेवायला आत बोलवायच्या, ती ओसरीवरच बसायची.

अकोल्याला दुसऱ्या कुठल्या केससाठी जाणं झालं, की साहेब दुपारच्या सुमाराला त्या जिनाकडं चक्कर मारायचे. फाटक उघडायचं, बाया बाहेर यायच्या, टिनाच्या छपराखाली लेकरांना घ्यायच्या. कोटातला हा वकील छत्री घेऊन रस्त्याच्या पलीकडं उभा, आणि त्याच्या मागं मी. एकदा मी म्हटलं, साहेब, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, म्हणू द्या. घरी आल्यावर ते परसात जायचे आणि सांगायचे, "कौतिकानं बाळसं धरलंय हो. पायांत वाळे घातलेत." माणिकबाई खुरपं थांबवून ऐकायची आणि पुन्हा विचारायची, "वाळे कायचे? चांदीचे का?" साहेबांना इतक्या लांबून कुठलं दिसायला. पण ते म्हणायचे, चांदीचेच असावेत. नंतर ओसरीवर येऊन ते कितीतरी वेळ कुठलाच कागद हातात घेत नसत.

पुढच्या हंगामात एक दिवस सकाळी शकुन आमच्या ओसरीवर आली. पोर बरोबर नव्हती. चेहरा ओढलेला. माणिकबाई मागं वाफ्यांत होती, ते शकुनला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.

"सायेब, मले एक कागद करून द्या," ती म्हणाली.

"कसला?"

"माणिकबाई माही माय नाई असा."

साहेबांनी चष्मा काढला. शकुन खाली पाहूनच बोलत होती. कौतिकाला ताप भरला होता, उतरत नव्हता, वैद्य झाला, दवाखाना झाला. मग सासू म्हणाली, हे आजीचं लागलंय. बेलभंडार मोडणारीच्या वंशाला लागतं, म्हणून वंशच तोडायचा. सरकारी कागद झाला की तुटतो, असं आळीतल्या कोणी शहाण्यानं सांगितलं होतं.

"असा कागद होत नाही, शकुन," साहेब म्हणाले. "कायद्यात आई नाकारता येत नाही. आणि तुझ्या आईनं—" त्यांचा आवाज चढला, ते खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता सांगतात. मनातून मीही म्हणत होतो, सांगा, सांगून टाका एकदाचं. "तुझ्या आईनं जे केलं ते—"

"वकीलसायेब."

आतल्या दारात माणिकबाई उभी होती, हात मातीनं भरलेले, कडेवर मेथीची पाटी. ती एवढंच म्हणाली. साहेब उभेच राहिले, मग बसले.

"करून द्या तिले," माणिकबाई म्हणाली.

शकुन भिंतीकडं वळली. साहेबांनी मला खूण केली, पण त्यांच्या तोंडून मजकूर निघेना. मी कागद घेतला, दौत उघडली. मजकूर माणिकबाईनंच सांगितला, उभ्या उभ्या.

"लिहा. शकुन माही कोनी नाई. तिच्या घराशी, तिच्या दाराशी माहं नातं नाई. माहं बरंवाईट जे काई असन ते माहं एकटीचं."

मी लिहिलं. आयुष्यात हजारो अर्ज लिहिले असतील, त्या दिवशी मात्र अक्षर माझंच मला वाचवेना. मी विचारलं, "आणि नातीचं?"

"तिचं नाव घालू नका," माणिकबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "तेवढं राहू द्या, मुनशीजी."

"घाला," भिंतीकडं तोंड करूनच शकुन म्हणाली. "तिच्याचसाठी त आली मी."

मी लेखणी धरून थांबलो. माणिकबाईनं पाटी खाली ठेवली. पदराच्या टोकानं उजवा आंगठा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाली, "घाला. कौतिका लिहा."

मी कौतिका लिहिलं. तिनं आंगठा शाईत बुडवला आणि मी दाखवलेल्या जागी दाबला. शकुननं कागद घेतला, शाई ओलीच होती, तो दोन्ही हातांवर आडवा धरून ती पायऱ्या उतरून गेली. आईकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

मग माणिकबाई म्हणाली, "पोरीचा ताप कितीक हाय आता, कोनी इचारलं का तिले?"

आम्ही विचारलं नव्हतं. मी तसाच अनवाणी धावलो. टांग्याच्या अड्ड्याशी शकुन सापडली, कागद अजून हातांवर आडवा.

"पोरीला ताप किती आहे?" मी धापा टाकत विचारलं.

"उतरला, मुनशीजी. परवाच उतरला. खेळून राहिली."

माझा संताप संताप झाला. "उतरला? मग हा कागद काहून नेऊन राहिली तू?"

"पुन्ना येऊ नाई म्हनून." ती रडायला लागली, पण कागद भिजू नये म्हणून हात लांब धरून रडत होती. मग म्हणाली, "माय जेवते का बराबर?"

"जेवते."

"मी इचारलं म्हनून सांगू नका तिले." टांगा आला आणि ती त्यात बसून गेली.

मी परत आलो. माणिकबाई पायरीवर बसून वाट पाहत होती. साहेब खुर्चीत तसेच होते.

"उतरला ताप," मी म्हटलं.

तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. आंगठ्याची शाई कपाळावर लागली. "पाहा सायेब," ती म्हणाली, आणि खरंच तिचा चेहरा उजळला होता, "कागदाचा गुण आला. नातं तुटल्यासंगं उतरला. म्या उगाच नाव घालू नका म्हनलं. आधीच तोडाले पाह्यजे होतं, पोरगी एवढे दिस तापली नसती."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. परवाच उतरला होता हे माझ्या तोंडावर त्यांना दिसलं असावं, कारण ते उठले आणि आत निघून गेले. माणिकबाई माझ्याकडं पाहत होती.

"हो न, मुनशीजी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो."